कवायत, टकळी आणि परेड : मध्य प्रांतातील शालेय सक्तीचा इतिहास

पुस्तकी अभ्यासाखेरीज खेळ, कवायत, हस्तोद्योग, बालवीर पथक किंवा समाजसेवा यांपैकी काही गोष्टी शाळेने प्रत्येक विद्यार्थ्यावर बंधनकारक कराव्यात की त्या त्याच्या आवडीवर सोडाव्यात, हा वाद भारतातल्या सरकारी शिक्षणात १८८२ पासून चालू आहे. जुन्या मध्य प्रांत व वऱ्हाडात या वादाचे जवळजवळ सगळे टप्पे पाहायला मिळतात. या प्रांताच्या उत्तर भागातले मोठे शहर जबलपूर. शहराबाहेर नर्मदेवर तिलवारा घाट आहे आणि जबलपूरहून नागपूरकडे जाणारा रस्ता तिथेच नदी ओलांडतो. १८१७ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला, १९०३ मध्ये त्याला वऱ्हाड जोडले गेले आणि १९५६ पर्यंत प्रांताची राजधानी नागपूरच राहिली. नर्मदाकाठच्या हिंदी शाळा आणि नागपूर-वऱ्हाडातल्या मराठी शाळा यांचे शिक्षणखाते त्यामुळे एकच होते. त्या खात्याचा निर्णय तिलवाऱ्याला आणि अमरावतीला सारखाच लागू होई.

कवायतीची सुरुवात

विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील भारतीय शिक्षण आयोग १८८२ मध्ये नेमला गेला. मुलांच्या शारीरिक वाढीसाठी देशी खेळ, व्यायाम आणि शालेय कवायत यांना उत्तेजन द्यावे, पण ते त्या त्या शाळेची परिस्थिती पाहून द्यावे, असे त्याने सुचवले. शिफारशीचा रोख उत्तेजनावर होता, सक्तीवर नव्हता. खात्याच्या कारभारात मात्र कवायतीला हळूहळू ठरलेला तास मिळत गेला. याची कारणे व्यवहारातली होती. कवायतीला साहित्य लागत नाही, एक शिक्षक पन्नास मुलांकडून ती करून घेऊ शकतो आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला ती पटकन दाखवता येते. ज्याला मोठे मैदान, सामान आणि जाणता शिक्षक लागतो, असा कोणताही उपक्रम सक्तीच्या यादीत यायला उशीर लागला किंवा आलाच नाही.

खात्याच्या कवायतीला समांतर अशी देशी व्यायामाची दुसरी परंपरा वाढत होती. ती शाळेबाहेरून आली. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये अमरावतीत स्थापन केलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ही त्यातली मोठी संस्था. आखाड्यातली कुस्ती, मल्लखांब, लेझीम आणि हुतूतू यांना शिस्तबद्ध अभ्यासक्रमाचे रूप देऊन तिने शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग चालवले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. या संस्थेत येणारा विद्यार्थी स्वतःहून येत असे, पण तिथून तयार होऊन बाहेर पडलेला शिक्षक शाळेत जाऊन सर्वांना शिकवीत असे. सक्तीच्या तासाला लागणारा जाणता माणूस अशा प्रकारे ऐच्छिक संस्थेतून मिळाला.

साताऱ्याजवळच्या औंध संस्थानात याच्या उलट क्रमाने काम झाले. तिथले अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे स्वतः सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते होते. त्यांनी त्यावर ग्रंथ लिहिले आणि संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार रोजच्या कार्यक्रमाचा भाग केले. राजाची इच्छा हाच तिथे नियम होता. याच व्यायामप्रकाराच्या सक्तीचा प्रश्न पुढे जबलपूरच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला.

बालवीर आणि वीरबाला

बालवीर चळवळ भारतात १९०९ मध्ये बंगळूरला सुरू झाली. पुढच्या एकदोन वर्षांत खडकी, लोणावळा, सिमला, मद्रास आणि जबलपूर येथे पथके निघाली. यांतल्या बऱ्याच गावांत लष्कराची छावणी किंवा रेल्वेची वसाहत होती. जबलपूरला दोन्ही होते. १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्त्याकडून येणारे लोहमार्ग इथेच जोडले गेले होते, आणि १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना निघाला होता. ही पहिली पथके फक्त युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होती. मुलींची, म्हणजे वीरबालांची, भारतातली पहिली गाइड कंपनीही १९११ मध्ये जबलपुरातच स्थापन झाली.

बालवीर चळवळीचा पायाच स्वेच्छेचा आहे. मुलाने स्वतः वचन घ्यायचे असते आणि सांगून घेतलेले वचन निरर्थक ठरते. तरीही भारतात या चळवळीवर पहिला वाद झाला तो प्रवेश कोणाला द्यायचा यावरून. भारतीय मुलांना दार बंद असल्याने १९१६ मध्ये मद्रासेत ॲनी बेझंट यांनी वेगळी संघटना काढली. १९१८ मध्ये अलाहाबादेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समिती बालवीर संघटना उभी केली. १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काउट संघटना आली. या सगळ्यांचे एकीकरण होऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था बनली. राजनिष्ठेचे वचन, देशसेवेचे वचन आणि गणवेशाचा खर्च या तिन्हींमुळे पालक आणि पुढारी या उपक्रमाकडे सावधपणे पाहत. ज्या उपक्रमाला एखाद्या सत्तेची किंवा मताची छटा असते त्याची सक्ती लोकांना सहन होत नाही, हे या संघटनांच्या फाटाफुटीतून दिसून आले.

टकळीचे तीन तास

सक्तीचा सर्वांत धाडसी प्रयोग याच प्रांतात आखला गेला. जुलै १९३७ मध्ये डॉ. ना. भा. खरे यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि पंडित रविशंकर शुक्ल शिक्षणमंत्री झाले. त्याच महिन्यात गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची कल्पना मांडली. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल डिसेंबरात तयार झाला.

हस्तोद्योग अभ्यासाबाहेरचा जोडधंदा नसून अभ्यासाचे केंद्र आहे, अशी या योजनेची भूमिका होती. समितीने आखलेल्या साडेपाच तासांच्या दिनक्रमावरून ते स्पष्ट होते. मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटे, संगीत, चित्रकला व गणिताला मिळून ४० मिनिटे, मातृभाषेला ४० मिनिटे, समाजशास्त्र व सामान्य विज्ञानाला ३० मिनिटे, व्यायामाला १० मिनिटे आणि मधल्या सुट्टीला १० मिनिटे. सूतकताई, सुतारकाम किंवा शेती यांतून गणित आणि विज्ञान शिकवायचे, आणि मुलांनी केलेल्या मालाच्या विक्रीतून शिक्षकाच्या पगाराचा भार उचलायचा, अशी अपेक्षा होती. फेब्रुवारी १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनात काँग्रेसने ही योजना स्वीकारली.

आक्षेप लगेच निघाले आणि ते आजच्या वादातही ऐकू येतात. मालाच्या विक्रीवर शाळा चालवायची ठरली की मूल शिकणारे न राहता राबणारे होईल, आणि शाळेचा स्वस्त माल गावच्या कारागिराच्या पोटावर पाय देईल, ही शंका अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी मांडली. पांढरपेशा पालकांना मुलाच्या हातात पाटीऐवजी टकळी पाहणे रुचेना. शेतकरी आणि कारागीर पालकांचे म्हणणे वेगळे होते. हाताचे काम मुलाला घरी शिकायला मिळतेच, शाळेने लिहिणेवाचणे द्यावे, असे ते म्हणत. एकच सक्ती एका घराला कमीपणाची आणि दुसऱ्या घराला फुकाची वाटली.

मध्य प्रांतात शुक्ल यांनी याला जोडून विद्या मंदिर योजना आखली. गावाने किंवा दात्याने जमीन द्यावी, तिच्या उत्पन्नावर शाळा चालावी आणि शिक्षण वर्धा पद्धतीचे असावे, असे तिचे स्वरूप होते. शिक्षक तयार करण्यासाठी १९३८ मध्ये वर्ध्याला प्रशिक्षण विद्यालय सुरू झाले. ‘मंदिर’ या नावाला मुस्लिम समाजातून तीव्र विरोध झाला आणि मुस्लिम लीगच्या काँग्रेसविरुद्धच्या तक्रारींत ती एक ठळक तक्रार बनली. शाळेत शिकवायच्या गोष्टीपेक्षा शाळेचे नाव आणि त्यामागचा हेतू यांवरच वाद पेटला.

तिलवाऱ्याजवळचे अधिवेशन

या पार्श्वभूमीवर १० ते १२ मार्च १९३९ या दिवसांत काँग्रेसचे ५२ वे अधिवेशन तिलवारा घाटाजवळ भरले. कलचुरी राजांची राजधानी त्रिपुरी जवळच असल्याने ते त्रिपुरी काँग्रेस या नावाने ओळखले जाते. सेठ गोविंददास स्वागताध्यक्ष होते. ५२ व्या अधिवेशनासाठी ५२ हत्तींची मिरवणूक निघाली, पण निवडून आलेले अध्यक्ष सुभाषचंद्र बोस तापाने फणफणले होते आणि गांधीजी राजकोटला होते. इतिहासात हे अधिवेशन बोस आणि जुने नेतृत्व यांच्यातल्या संघर्षासाठी आणि पंत ठरावासाठी लक्षात राहिले आहे.

शालेय सक्तीच्या इतिहासात त्याचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. नदीकाठी वसवलेल्या नगरातली पाणी, सफाई, भोजन आणि गर्दीची व्यवस्था स्वयंसेवकांच्या बळावर चालली. डॉ. ना. सु. हर्डीकर यांनी १९२३ मध्ये उभ्या केलेल्या हिंदुस्थानी सेवा दलाने अशा कामाची शिस्त घालून दिली होती. जबलपूरचे तरुण त्याआधीही अशा कामात उतरले होते. १९२३ चा झेंडा सत्याग्रह याच शहरात सुरू होऊन मग नागपूरला पसरला होता. गणवेश, संचलन, पहाटे उठणे, श्रम ही सगळी साधने शाळेच्या कवायतीत होती तीच इथेही होती, पण इथे माणूस स्वतःहून आलेला होता. एकाच पक्षाचे सरकार नागपुरातून टकळीचे तास सर्वांना लावण्याची तयारी करत होते, आणि त्याच पक्षाचे अधिवेशन तिलवाऱ्याला स्वेच्छेच्या श्रमावर उभे होते. स्वयंसेवकाला लागणारा उत्साह नियमाने निर्माण होईल, असे गृहीत धरले गेले होते.

ते पारखून पाहायला वेळ मिळाला नाही. महायुद्धाच्या प्रश्नावर काँग्रेस मंत्रिमंडळांनी १९३९ च्या अखेरीस राजीनामे दिले. वर्धा योजना सेवाग्रामच्या हिंदुस्तानी तालीमी संघात आर्यनायकम दांपत्याने निष्ठेने चालवली. सरकारी शाळांत ती स्वातंत्र्यानंतर परतली, पण दिनक्रमातला उद्योगाचा वेळ आटत गेला. कापूस वेळेवर येत नसे, टकळ्या मोडत, सूत विकले जात नसे आणि परीक्षा जुन्याच विषयांची असे. महाराष्ट्रातल्या अनेक जिल्हा परिषद शाळांच्या पाट्यांवर ‘जीवन शिक्षण विद्या मंदिर’ हे नाव राहिले, पण मूलोद्योगाचा तास गेला.

साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेत श्रमाची सक्ती टिकली. १९१९ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेच्या वसतिगृहांत सर्व जातींची मुले एकत्र राहून शेतात आणि स्वयंपाकात राबत. ज्या मुलाला शिकायचे होते, पण ऐपत नव्हती, त्याच्यासाठी हे श्रम म्हणजे शिक्षणाचीच किंमत होती. श्रमाचा उपयोग त्याला रोज ताटात दिसत होता, म्हणून ही सक्ती त्याला जाचक वाटली नाही.

परेडची पाच वर्षे

स्वातंत्र्यानंतर सक्तीचा रोख हस्तोद्योगाकडून शिस्त आणि संरक्षणाकडे वळला. कुंझरू यांच्याच अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून १९४८ मध्ये राष्ट्रीय छात्रसेना कायद्याने स्थापन झाली. १९४९ मध्ये मुलींचा विभाग निघाला. प्रवेश ऐच्छिक होता. शाळांसाठी १९५४ मध्ये राष्ट्रीय शिस्त योजना आली. आझाद हिंद सेनेतले सेनानी आणि पुढे केंद्रात उपमंत्री झालेले सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले यांनी ती दिल्लीच्या निर्वासित वसाहतीतल्या शाळेत सुरू केली होती.

मुदलियार आयोगाने १९५३ च्या अहवालात सहशालेय उपक्रमांना शिक्षणाचा अविभाज्य भाग म्हटले आणि माध्यमिक शाळेतल्या प्रत्येक विद्यार्थ्याने एक हस्तोद्योग शिकावा असे सुचवले. पण खरी सक्ती आली ती युद्धामुळे. १९६२ च्या चीन युद्धानंतर १९६३ पासून महाविद्यालयीन मुलांना छात्रसेना बंधनकारक झाली. छावणी आणि शस्त्रनिर्मितीचे कारखाने असलेल्या जबलपूरला संचलनाचे नवल नव्हते. पण देशभर एकाच वेळी लाखो मुलांसाठी शिक्षक-अधिकारी, बंदुका, गणवेश आणि मैदाने पुरवणे अशक्य झाले. परेडला हजेरी लागली की काम झाले, अशी वृत्ती बळावली. १९६८ च्या जानेवारीत मद्रास राज्याच्या (आताच्या तमिळनाडूच्या) विधानसभेने छात्रसेनेतल्या हिंदी आज्ञांना विरोध केला. त्याच वर्षी ही सक्ती मागे घेतली गेली. तिची जागा पर्यायांनी घेतली. २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, आणि तीही ऐच्छिक होती.

कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात मात्र सेवेची सक्ती सुचवली होती. तिच्यासाठी कनिष्ठ माध्यमिक स्तरावर ३०, उच्च माध्यमिकला २० आणि पदवीपर्यंत ६० दिवस त्याने आखून दिले होते. त्याच आयोगाच्या ‘कार्यानुभव’ या कल्पनेला ईश्वरभाई पटेल समितीने १९७७ मध्ये समाजोपयोगी उत्पादक कार्य असे रूप दिले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत जबलपूर मध्य प्रदेशात राहिले आणि विदर्भ मुंबई राज्यात, पुढे महाराष्ट्रात गेला. तरी दोन्हीकडे या विषयाची गत सारखीच झाली. तो वेळापत्रकात सक्तीचा राहिला, गुणपत्रिकेत त्याला श्रेणी मिळाली, आणि दहावीच्या वर्षी त्याचे तास गणित आणि विज्ञानाने घेतले. फाईलमध्ये चिकटवलेल्या वस्तू आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी बाजारातून आणलेले भरतकाम हे त्याचे ओळखीचे चित्र बनले.

महाराष्ट्राने दुसरा मार्गही वापरला. दहावीला खेळातील कामगिरीसाठी आणि पुढे शास्त्रीय कला व चित्रकलेच्या शासकीय परीक्षांसाठी वाढीव गुण देण्यात आले. इथे कोणावरही बंधन नाही, पण प्रवेशाच्या स्पर्धेत गुणांचे आमिषही दडपण आणते. ज्या गावात चित्रकलेचा शिक्षक किंवा प्रशिक्षक नाही तिथल्या मुलाला ही संधी मुळात मिळतच नाही.

न्यायालय आणि कायदा

संविधानाने सक्तीला पूर्ण मज्जाव केलेला नाही. अनुच्छेद २३(२) नुसार सार्वजनिक प्रयोजनासाठी राज्य सक्तीची सेवा लादू शकते, मात्र धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेद करता येत नाही. अनुच्छेद २८(३) नुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणालाही स्वतःच्या किंवा पालकांच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षण किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. केरळमधल्या यहोवाच्या साक्षीदार पंथाच्या मुलांच्या खटल्यात १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभे राहून ते न म्हणणाऱ्या मुलांना शाळेतून काढता येणार नाही, असा निर्णय दिला.

मध्य प्रदेशात हा प्रश्न सूर्यनमस्काराच्या निमित्ताने उभा राहिला. जानेवारी २००७ मध्ये राज्य सरकारने शाळांत सामूहिक सूर्यनमस्काराचा कार्यक्रम आखला. मुस्लिम आणि ख्रिस्ती संघटनांनी आक्षेप घेतला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने विद्यार्थ्यांवर सहभागाची सक्ती करता येणार नाही, असे स्पष्ट केले. स्वेच्छेने भाग घेणाऱ्यांसाठी कार्यक्रम झाला आणि पुढेही होत राहिला. औंधला जे राजाच्या इच्छेने चालले ते प्रजासत्ताकात विद्यार्थ्याच्या संमतीवर आले.

यानंतरच्या कायद्याने बंधन मुख्यतः शाळेवर टाकले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने अभ्यासक्रमाचा हेतू मुलाचा सर्वांगीण विकास हा ठरवला. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला क्रीडांगण, खेळाचे साहित्य आणि ग्रंथालय आवश्यक केले. सहावी ते आठवीत १०० पेक्षा जास्त मुले असतील तिथे कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ निदेशक नेमण्याची अट घातली. मुलाने कोणता खेळ खेळावा हे कायदा सांगत नाही. खेळण्याची सोय असलीच पाहिजे, हे सांगतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने अभ्यास आणि अभ्यासेतर यांतली भिंत काढण्याचे ठरवले आणि सहावी ते आठवीच्या काळात दहा दप्तराविना दिवस सुचवले. महाराष्ट्राने २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ जाहीर केला.

टिकलेली आणि न टिकलेली सक्ती

या सगळ्या प्रयोगांत टिकले काय आणि गळाले काय, हे बऱ्यापैकी स्पष्ट आहे. सर्वांना रोज थोडा व्यायाम मिळावा ही सक्ती टिकली, कारण तिला खर्च कमी लागतो, वेळ थोडा जातो आणि तिच्यात कोणाच्या श्रद्धेला धक्का नाही. एकच उद्योग, एकच गणवेश किंवा एकच विधी सर्वांवर लादणारी सक्ती टिकली नाही. मूलोद्योग सामग्री आणि परीक्षा यांच्या अभावी मोडला, छात्रसेनेची सक्ती संख्येच्या भाराने मोडली, आणि सूर्यनमस्काराची सक्ती न्यायालयात थांबली.

सक्ती नसती तर काय झाले असते, याचे उत्तरही याच इतिहासात आहे. निव्वळ ऐच्छिक उपक्रमांचा लाभ आधी छावणीतल्या युरोपीय मुलांना मिळाला आणि नंतर शहरातल्या ऐपतदार घरांना. तिलवाऱ्यासारख्या नदीकाठच्या गावातले मूल शाळा सुटली की घरच्या कामाला लागते. त्याच्यासाठी खेळ, चित्र किंवा गाणे शाळेच्या वेळेत, शाळेच्या खर्चाने आणि जाणत्या शिक्षकाकडून मिळाले, तरच ते मिळते. उपक्रमांसाठी वेळ, जागा आणि माणूस देणे शाळेला बंधनकारक असावे आणि त्यांतला कोणता घ्यायचा ते विद्यार्थ्याने ठरवावे, या व्यवस्थेकडे १८८२ पासूनचे धोरण अनेक वळणे घेत पोचले आहे. अर्धवेळ निदेशकाची जागा जिथे रिकामी असते, तिथे ती निवड कागदावरच राहते.